वाचा-उपचाराच्या विद्यार्थ्यांना लिहायला कोण शिकवणार?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात खटाव तालुक्यातून एक बाई आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. मी गेली 27 वर्षे कराडला वाचा-उपचार करते. लोक याला स्पीच थेरपी म्हणतात. बाईंच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी होती आणि पिशवीत तीन ठिकाणचे तीन रिपोर्ट, प्लास्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेले. सगळे इंग्रजीत. ‘मॅडम, दोन वर्षं झाली हे कागद घेऊन फिरतीय. यात नेमकं काय लिहिलंय, तेवढं सांगा,’ त्या म्हणाल्या.

मी वाचायला घेतले. दोन रिपोर्टांतला मधला परिच्छेद शब्द न् शब्द सारखा होता. एका ठिकाणी या मुलाचा उल्लेख मध्येच मुलगी म्हणून आला होता, म्हणजे तो भाग कुणा दुसऱ्या बाळाच्या फाइलमधून उचललेला. तिसऱ्या रिपोर्टात लिहिले होते की, मूल अनेकवचनाचा ‘एस’ गाळते. या मुलाच्या घरात मराठीशिवाय दुसरी भाषा कुणी बोलत नाही. मराठीत ‘आंबा’चे ‘आंबे’ होतात आणि ‘पाटी’च्या ‘पाट्या’. त्यात ‘एस’ कुठून येणार आणि गळणार तरी कुठून? तिन्ही कागदांवर खाली इंटर्नची सही होती, तिच्याखाली वरिष्ठांची सही आणि शिक्का. ‘तुमच्या मुलाबद्दल यात काहीच लिहिलेले नाही,’ असे त्या आईला सांगताना मला फार लाज वाटली. ज्या व्यवसायाने मला पोटाला दिले आणि मानही दिला, त्याचेच हे कागद होते. हे पत्र त्यासाठी.

आमचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा, त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. 1992 च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय कुणाला हा व्यवसाय करता येत नाही. मुले कानाची रचना शिकतात, स्वरयंत्र शिकतात, मेंदू, ध्वनिशास्त्र, श्रवणयंत्रे, सगळे शिकतात. आणि पहिल्या वर्षापासून लिहितही असतात: केस हिस्टरी, तपासणीचा अहवाल, उपचाराचा आराखडा, रोजची नोंद, पुढे एम.एस्सी.ला प्रबंध. पण लिहायचे कसे, हे त्यांना क्वचितच कुणी शेजारी बसून शिकवते. सीनिअरची जुनी फाइल हातात पडते, ‘यासारखे लिहा’ म्हटले जाते आणि नकला सुरू होतात.

विद्यार्थी आळशी आहेत म्हणून असे होते, हे मला पटत नाही. माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन इंटर्न काही आठवड्यांसाठी येतात. तीन वर्षांपूर्वी जत तालुक्यातली एक मुलगी आली होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिने एका साडेतीन वर्षांच्या मुलाची तपासणी केली आणि रिपोर्टात दोन वाक्ये लिहिली. त्यांचा मराठीत अर्थ इतकाच होता, ‘मूल शब्दाविना संवाद साधते. अभिव्यक्तीची भाषा वयापेक्षा मागे आहे.’ मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटले, ‘अगं, तू काय पाहिलंस ते मला नुसतं सांग.’ ती सांगू लागली. ‘मॅडम, त्याला पाणी हवं असलं की तो आईचा पदर ओढतो, माठाजवळ नेतो, पेल्यावर हात आपटतो. आवाज काढत नाही. पण आईने मुद्दाम रिकामा पेला दिला, तेव्हा त्याने पेल्यात बघितलं, मग आईच्या तोंडाकडे बघितलं आणि ‘अं’ असा आवाज चढवला. तेवढा एकच आवाज आला तासाभरात.’

त्या एका ‘अं’मध्ये त्या मुलाचा उपचार होता. आवाजाचा उपयोग मागण्यासाठी होतो, हे त्याला कळू लागले होते; पुढची पायरी तिथूनच घ्यायची. मुलीने हे सगळे पाहिले होते, ऐकले होते, समजून घेतले होते. कागदावर मात्र त्यातले काही आले नाही, कारण ते इंग्रजीत मांडायची तिला भीती होती आणि जुन्या फाइलीत तसले वाक्य सापडत नव्हते. मी तिला आधी सगळे मराठीत लिहायला लावले. दीड पान झाले. मग आम्ही दोघींनी बसून त्याचे इंग्रजी केले. ते साधे होते, चुकतमाकत होते, पण त्या मुलाचे होते.

उच्चारांच्या नोंदी तर मला सर्वांत जास्त छळतात. एखादे मूल ‘डोळा’ म्हणताना ‘डोला’ म्हणते. विद्यार्थी रोमन लिपीत शब्द लिहितो आणि तिथे ‘डोळा’ आणि ‘डोला’ एकाच अक्षरांनी लिहिले जातात. म्हणजे ज्या दोषासाठी मूल आले, तोच कागदावरून पुसला गेला. ‘च’चेही तसेच. ‘चार’ या आकड्यातला च वेगळा आणि गुरांच्या ‘चाऱ्या’तला वेगळा. मूल कोणता चुकते, हे रोमनमध्ये कळत नाही आणि नुसत्या देवनागरीतही कळत नाही. त्यासाठी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी आहे, तीत प्रत्येक ध्वनीला वेगळे चिन्ह असते. विद्यार्थी ती परीक्षेपुरती पाठ करतात, मात्र रिपोर्ट लिहिताना हात तिच्याकडे जात नाही. शिवाय शब्दात चूक कुठे होते तेही हवे. ‘क’चा ‘त’ होतो एवढ्याने भागत नाही. ‘काका’चे ‘ताता’ होते, पण ‘नाक’ नीट येते का? येत असेल तर त्या मुलाला ‘क’ काढता येतो, आणि उपचार शब्दाच्या शेवटाकडून सुरू करता येतो.

त्यातही घरची बोली नोंदवली नसेल तर मोठा अन्याय होतो. विदर्भातून बदलून आलेल्या कुटुंबातला मुलगा ‘डोया’ म्हणाला आणि रिपोर्टात ‘ळ चा उच्चार सदोष’ असे लागले. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतोच. त्याची आजी तसेच बोलते, आईही तसेच बोलते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या किती पोरांना आम्ही दोषी ठरवले असेल, कोण जाणे. रिपोर्टाच्या पहिल्या पानावर ‘घरात कोणती बोली बोलतात’ याचे उत्तर एका ओळीत लिहिले असते तर हे टळले असते. त्या रकान्यात बहुतेक वेळा फक्त ‘मराठी’ लिहिलेले असते.

व्याकरणाचेही तेच. इंग्रजी पाठ्यपुस्तकात मुलांच्या चुकांच्या याद्या असतात, त्या इंग्रजी मुलांच्या. आमचे मूल ‘घोड्याला’ म्हणायच्या ऐवजी ‘घोडाला’ म्हणते, ‘आई आला’ म्हणते, ‘मी पोळी खाल्लो’ म्हणते. सामान्यरूप, लिंग, कर्त्या-कर्माप्रमाणे बदलणारे क्रियापद, मराठीतली खरी चढण इथे आहे. हे त्या यादीत सापडणार नाही. विद्यार्थ्याला ते स्वतःच्या कानांनी ऐकून स्वतःच्या शब्दांत लिहावे लागेल. नकलेची सवय लागलेला हात हे करू शकत नाही.

मी मुंबईत शिकत असताना आमच्या एका शिक्षिकेने माझी पहिली केस हिस्टरी चार वेळा परत केली होती. पहिल्यांदा ‘मूल खेळकर आहे’ या वाक्याखाली लाल रेघ आणि प्रश्न, ‘काय खेळते?’ दुसऱ्यांदा मी ‘गाडीशी खेळते’ लिहिले. प्रश्न, ‘गाडी चालवते की चाक फिरवत बसते?’ मला तेव्हा राग आला होता. पण त्या प्रश्नासाठी मी वॉर्डात परत गेले, मूल पुन्हा पाहिले आणि ते अर्धा तास फक्त चाक फिरवत होते. ती लाल रेघ नसती, तर मी ते पाहिलेच नसते. आज एकेका शिक्षकामागे इतके विद्यार्थी आणि इतके पेशंट असतात की चार वेळा परत करायला वेळ उरत नाही, हे मी समजू शकते. पण मग निदान एकदा तरी परत करा. नुसती सही नको.

आमच्या शास्त्रातली एक जुनी नोंद मी प्रत्येक इंटर्नला सांगते. 1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी लबोर्न्य नावाचा 51 वर्षांचा रुग्ण तपासला. त्याला ‘तान’ एवढेच बोलता येत असे. ब्रोकांनी ‘बोलता येत नाही’ असे लिहून फाइल मिटली नाही. इथे किती वर्षे आहेस, असे त्यांनी विचारले. त्याने हात चार वेळा उघडला आणि मग एक बोट वर केले. एकवीस वर्षे, आणि उत्तर बरोबर होते. पुन:पुन्हा तेच विचारल्यावर तो चिडला आणि त्याच्या तोंडून एक शिवी बाहेर पडली, तेही त्यांनी लिहून ठेवले. काही दिवसांत तो रुग्ण गेला, शवविच्छेदनात त्याच्या डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात इजा दिसली, आणि मेंदूचा पुढचा भाग व बोलणे यांचे नाते जगाला कळले. ते कळू शकले, कारण रुग्णाला काय येते आणि काय येत नाही, हे दोन्ही आधी नीट लिहिलेले होते. वाचाघाताच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा हरवलेल्या, पेशंटबद्दल आमची मुले ‘आकलन बरे’ असे लिहितात, तेव्हा मी विचारते, चार वेळा उघडलेला हात कुठे आहे?

कधी कधी हे जिवावरही बेतते. आमच्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांना अर्धांगवायूचा झटका आला होता. ज्या इंटर्नने त्यांचे गिळणे तपासले, तिला कळले होते की पातळ पाणी त्यांच्या श्वासनलिकेत जाते, दाट खीर मात्र नीट उतरते. तिने नातेवाइकांना तोंडी सांगितलेही. कागदावर मात्र नेहमीचे ठोकळेबाज वाक्य गेले, ‘सहन होईल तसे तोंडाने द्यावे.’ सांगितलेले ज्याने ऐकले तो मुलगा पुण्याला परतला. घरी राहिलेल्या सुनेने कागद कुणाकडून तरी वाचून घेतला आणि सकाळ-संध्याकाळ चहा पाजला. त्यांना ठसकाही लागत नव्हता, म्हणून कुणाला शंका आली नाही. न्यूमोनिया झाला, अकरा दिवस आयसीयूत काढावे लागले. गुरुजी वाचले. ती मुलगी नंतर माझ्याकडे येऊन रडली. ‘मॅडम, मला माहीत होतं,’ हेच ती पुन:पुन्हा म्हणत होती.

आता चॅटजीपीटी आले आहे. त्याचे इंग्रजी सफाईदार असते, त्यामुळे भीतीपोटी नक्कल करणारी मुले तिकडे वळणार, यात नवल नाही. पण त्याने ते मूल पाहिलेले नाही. प्रबंधासाठी ते कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या शोधनिबंधांचे संदर्भ देते, आणि पेशंटचे नाव-गाव त्यात टाकणे म्हणजे विश्वासाचा भंग आहे. हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याच वेळी दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत कसा मांडावा, श्रेय कसे द्यावे, हेही पहिल्या वर्षापासून हाताला धरून शिकवले पाहिजे. प्रबंधाच्या आदल्या महिन्यात नक्कल तपासणारे सॉफ्टवेअर लावून ते येत नाही.

माझी मागणी छोटी आहे. पहिल्या वर्षी रिपोर्ट लिहायला लावूच नका. आधी एक सत्र नुसती पाहिलेली, ऐकलेली नोंद लिहू द्या, आणि ती मराठीत चालू द्या. इंग्रजी नंतर येईल. आणि प्रत्येक तपासणीच्या रिपोर्टासोबत पालकांसाठी एक पान मराठीत लिहिणे सक्तीचे करा, त्याला गुण ठेवा, प्रात्यक्षिक परीक्षेत ते वाचून दाखवायला लावा. ज्या विद्यार्थ्याला ‘अभिव्यक्तीची भाषा’ म्हणजे काय, हे खटावच्या आईला कळेल असे लिहिता येते, त्याला ते स्वतःला समजलेले असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा आणि भाषेचे दिव्यांगत्व वेगळे मान्य केले आहे. शाळेतल्या सवलतींपासून प्रमाणपत्रापर्यंत पुढचे सगळे या कागदांवर उभे असते. पालकांनाही माझी विनंती आहे, तुमच्या भाषेत लिहिलेला कागद मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

त्या खटावच्या मुलाचे मराठी पान माझ्या सध्याच्या इंटर्नने लिहिले. मुलगा काय बोलतो, काय दाखवतो, काय कळते, घरी रोज काय करायचे, सगळे साध्या शब्दांत. पुढच्या खेपेला बाई आल्या तेव्हा तो कागद घडी पडून मऊ झाला होता. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. ‘मॅडम, इथं लिहिलंय, बाबा म्हणत नाही. पण मंगळवारपासून म्हणतोय.’ इंटर्नने पेन काढले, ती ओळ खोडली आणि शेजारी तारीख घातली.

आपली,
एक वाचा-उपचारतज्ज्ञ, कराड