कडी आतून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

युरोपातल्या मतदारांना आपलेच प्रतिनिधी परके का वाटू लागले, असं तू विचारलंस. सगळा युरोप एका पत्रात मावणार नाही. फ्रान्सचं सांगतो, कारण तिथे हा दुरावा कुठल्या कलमातून शिरला ते बोट ठेवून दाखवता येतं.

29 मे 2005 ला युरोपीय संघाच्या नियोजित राज्यघटनेवर सार्वमत झालं आणि जवळजवळ 55 टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं. पुढे 2007 च्या लिस्बन करारात त्यातला बराचसा मजकूर परत आला, आणि फेब्रुवारी 2008 मध्ये संसदेनेच त्याला मंजुरी दिली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांनी हे निवडणूक प्रचारातच सांगितलं होतं, त्यामुळे कायद्याने बोट दाखवायला जागा नाही. पण आपलं मत मोजून बाजूला ठेवलं, ही सल लोकांच्या मनातून गेली नाही.

त्याच 2008 मध्ये घटना दुरुस्त करून लोकांना सार्वमत मागण्याचा एक हक्क दिला गेला, तो अंमलात यायला 2015 उजाडलं. याची रचना नीट बघ. दोन्ही सभागृहांच्या 925 सदस्यांपैकी एक पंचमांश, म्हणजे 185 जणांनी आधी प्रस्ताव मांडायचा. कायदे घटनेत बसतात का ते पाहणाऱ्या घटना परिषदेने तो महिनाभरात तपासायचा. मग नऊ महिन्यांत नोंदलेल्या मतदारांपैकी एक दशांश लोकांच्या सह्या गोळा करायच्या, म्हणजे 47 लाखांच्या वर. आणि एवढं जमलं तरी दोन्ही सभागृहांनी सहा महिन्यांत प्रस्ताव नुसता विचारात घेतला, की सार्वमताची गरजच उरत नाही! दार आहे, पण कडी आतून. पॅरिसच्या विमानतळांचं खासगीकरण रोखण्यासाठी जून 2019 ते मार्च 2020 सह्यांची मोहीम चालली. जमल्या सुमारे 11 लाख.

2023 चं पेन्शन प्रकरण याहून बोचरं. निवृत्तीचं वय 62 वरून 64 करायचं होतं. सरकारने हा बदल सामाजिक सुरक्षेच्या वित्त विधेयकात घातला, कारण त्यावर संसदेला एकूण 50 दिवसच मिळतात. खालच्या सभागृहात बहुमताची खात्री वाटेना, तेव्हा 16 मार्चला राज्यघटनेचं कलम 49.3 वापरलं. या कलमाखाली त्या सभागृहात विधेयकावर मतदान होत नाही. विरोधकांनी 24 तासांत अविश्वास ठराव आणायचा. तो पडला की विधेयक आपोआप मंजूर. शिवाय ठरावाच्या बाजूचीच मतं मोजतात, त्यामुळे गप्प बसलेला खासदार सरकारच्याच कामी येतो. 20 मार्चला 287 मतं हवी होती, पडली 278. नऊ मतांनी कायदा झाला, आणि खालच्या सभागृहातल्या एकाही खासदाराला आपल्या मतदारसंघात जाऊन ‘मी याला हो म्हटलं’ असं सांगावं लागलं नाही. मला सगळ्यात घातक वाटतं ते हेच. कोणी काय केलं तेच कळत नसेल तर मतदाराने जाब विचारायचा कुणाला?

मग वय 62 च ठेवावं म्हणून सार्वमताचा प्रस्ताव आला. घटना परिषदेने 14 एप्रिलला तो फेटाळला. प्रस्ताव दाखल झाला तेव्हा कायद्यात वय 62 च होतं, म्हणजे ही ‘सुधारणा’ ठरत नाही, असं कारण दिलं.

‘चिठ्ठी टाकून निवडलेले नागरिक’ हा उपायही झाला. 2018 साली इंधनावरच्या करावरून पेटलेल्या पिवळ्या जॅकेटांच्या आंदोलनानंतर हवामानाच्या प्रश्नावर 150 जण बसवले. शिफारशी ‘गाळणी न लावता’ पुढे नेऊ, असं राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी वचन दिलं. जून 2020 मध्ये 149 शिफारशी आल्या, त्यातल्या तीन त्यांनी लगेच बाजूला काढल्या. बऱ्याच पुढे विधेयकात पातळ झाल्या. सरकारने त्यांचं काय केलं, याला त्या नागरिकांनी फेब्रुवारी 2021 मध्ये 10 पैकी सरासरी 3.3 गुण दिले. आयर्लंडमध्ये 99 नागरिक आणि एक अध्यक्ष अशी सभा गर्भपाताच्या प्रश्नावर बसली, पण तिथे घटना बदलायला सार्वमत लागतंच. तिच्या शिफारशी संसदीय समितीकडून लोकांपुढे गेल्या आणि 25 मे 2018 ला गर्भपातावरची घटनेतली बंदी उठवण्याच्या बाजूने 66.4 टक्के कौल मिळाला. पुढचा टप्पा आधीच ठरलेला होता, नेत्याच्या शब्दावर लटकलेला नव्हता.

फ्रान्समध्येही सह्यांची अट 10 लाखांवर आणू, असं मॅक्रॉन एप्रिल 2019 मध्ये म्हणाले होते. त्यासाठीची घटनादुरुस्ती झालीच नाही. विमानतळाच्या सह्या त्या अटीत बसल्या असत्या.

उत्तराची वाट पाहतो. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
विनायक