फोटो अंगावरच्या पित्ताचा, बातमी भलत्याच आजाराची

संपादक महोदय,

आनुवंशिक सुजेच्या आजारावरच्या नव्या इंजेक्शनची कालची बातमी वाचली आणि खरं सांगते, फार राग आला. बातमीशेजारी फोटो कुठला, तर लालभडक गांधी उठलेल्या हाताचा. अहो या आजारात गांधी उठत नाहीत, खाजही सुटत नाही, अ‍ॅलर्जीपासून वेगळा ओळखायची मोठी खूणच ती.

माझ्या धाकट्या जावेला हा आजार आहे, तिच्या वडिलांनाही होता. ऐन गौरीच्या दिवशी तिचा घसा सुजला, आवाज बसला, जवळच्या दवाखान्यात नेलं तर आधी अ‍ॅव्हिल, मग स्टेरॉइड, मग अ‍ॅड्रेनालिन. आम्ही फाइल पुढे करतोय, डॉक्टर ही अ‍ॅलर्जी नाही, ब्रॅडिकायनिन नावाचं शरीरातलं रसायन वाढून आलेली सूज आहे, याला ही इंजेक्शनं लागू पडत नाहीत असं हात जोडून सांगतोय, तर म्हणे तुम्ही बाहेर थांबा. शेवटी जिल्ह्याच्या गावी नेऊन प्लाझ्मा चढवला तेव्हा कुठे उतार पडला, तोवर तिचा श्वास अडकताना आम्ही बघत होतो. असे फोटो बघून लोकांची तीच समजूत पक्की होते हो.

तुमच्या बातमीतल्या त्या नव्या इंजेक्शनची, गॅराडॅसिमॅबची, चाचणी यशस्वी झाली याचा आनंद आहेच. महिन्यातून एकदा कातडीखाली टोचायचं आणि सहा महिन्यांत दहातल्या सहा जणांना एकदाही सूज नाही, आणि ज्यांना बिनऔषधाचं इंजेक्शन दिलं त्यांच्यातला एकही जण सुटला नाही. पण चाचणी झाली अमेरिका, कॅनडा, जर्मनी, हंगेरी, नेदरलँड्स, इस्रायल आणि जपानमध्ये, आपल्याकडे नाही. अमेरिकेत २०२५ च्या जूनमध्ये मंजुरीही मिळाली. आमची जाऊ अजून डॅनाझॉलवर, म्हणजे पुरुषी संप्रेरकासारख्या जुन्या औषधावर आहे, त्याने तिच्या चेहऱ्यावर केस आले, पाळीचं सगळं बिघडलं, लग्नाकार्याला यायचीच बंद झाली ती. नव्या औषधाची बातमी देताना इथले पेशंट कशावर दिवस काढतायत हे दोन ओळीत तरी लिहायला हवं होतं.

आणि मागच्या वेळी माझं पत्र निम्मं कापून छापलंत. या वेळी एवढं तरी ठेवा: घरात कोणाला खाज नसलेली सूज वारंवार येत असेल, कारण न सापडता पोट भयंकर दुखत असेल, तर सी४ आणि सी१ इनहिबिटर या रक्तातल्या प्रथिनांची तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्या.

आपली एक नियमित वाचक