बाबा, तुमचा आवाज हवा आहे

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी 12 तारखेला येत नाही म्हटलं आणि आई, तू एकदम गप्प झालीस. बाबांनी विचारलं, "पुन्हा ते रायटरचंच का?" हो, तेच. फोनवर धड बोलता येत नाही, मागे होस्टेलचा गोंगाट असतो, म्हणून सविस्तर लिहिते. ज्या न दिसणाऱ्या ताईची उत्तरं मी परीक्षेत रायटर म्हणून लिहिते, तिचे तीन पेपर आहेत, शेवटचा 18 ला. 19 ला सकाळच्या एसटीने बार्शीला निघते.

सुरुवात तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव घातलं. वर्षाला 120 तास भरायचे असतात. विसर्जनाला मुठेच्या घाटावर निर्माल्य गोळा केलं, झाडं लावली. ते काम पन्नास जणांचं होतं, मी नसते तरी झालं असतं. मग गेल्या मार्चमध्ये एका रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज आला, 'एसवायबीए, उद्या 11 चा पेपर, रायटरने आयत्या वेळी नाही म्हटलंय, कोणी आहे का?' तासभर कोणी उत्तरच दिलं नाही. मला राहवेना. मी 'येते' लिहिलं, तेव्हा लेखनिकाने नेमकं काय करायचं असतं हेही मला माहीत नव्हतं.

सकाळी ताई कॉलेजच्या फाटकाशी उभी होती. तिला अजिबात दिसत नाही. मी तिचा हात धरून चालू लागले तशी ती थांबली. "तू मला नको धरूस, मी तुला धरते." माझ्या कोपराच्या जरा वर तिने हात ठेवला आणि अर्धं पाऊल मागे राहून चालू लागली. पायरी आली की माझा हात आपोआप वर-खाली होतो, त्यावरून तिला समजतं. ओढत नेलं तर पुढे काय आहे ते तिला कळतच नाही. इतकी साधी गोष्ट, पण मला एकोणीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती.

पेपर राज्यशास्त्राचा होता. रायटर खालच्या वर्गातला लागतो, ती बीएच्या दुसऱ्या वर्षाला, मी पहिल्या वर्षाला आणि सायन्सची, त्यामुळे चालले. ती उत्तर सांगत होती आणि मी लिहीत होते. पंचायत राजचा प्रश्न आला. ती म्हणाली, "73 वी घटनादुरुस्ती 1992 ची, अमलात आली 24 एप्रिल 1993 पासून." मला वाटलं, बोलता बोलता तिची चूक झाली, एकाच कायद्याला दोन सालं कशी असतील? मी चांगल्या मनाने दोन्ही ठिकाणी 1992 लिहिलं. पान संपल्यावर तिने वाचून दाखवायला सांगितलं. तिथे आल्यावर तिने मला थांबवलं. "मी 93 म्हणाले होते." कायदा 92 चा आणि अंमल 93 पासून, हे मला माहीत नव्हतं, तिला पक्कं माहीत होतं. ती रागावली नाही. हळूच म्हणाली, "मी चुकले तर चूकही माझीच लिही." माझे कान लाल झाले होते. तेव्हापासून शंका आली तर मी तिचं वाक्य पुन्हा वाचते आणि ती सांगेल तेच लिहिते.

त्या दिवशी आणखी एक झालं. तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तरी तीन तास होताच पर्यवेक्षक उत्तरपत्रिका मागू लागले. ताईने पिशवीतून परवानगीचं पत्र काढलं, दोन्ही हातांनी पुढे धरलं. पत्र वाचून ते निघून गेले, पण त्यात सात-आठ मिनिटं गेली ती गेलीच. तिचा हक्क तिला दर वेळी कागद दाखवून मागावा लागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आई, माझं अक्षर बघून केंद्रावरच्या बाईंनी विचारलं, "कुठे शिकलीस?" तू रोज संध्याकाळी दुरेघी वहीत एक पान शुद्धलेखन लिहून घ्यायचीस आणि मी रडायचे. ते पान आता कामाला येतंय. पैसे मिळतात का, असं तू विचारलं होतंस. मी घेत नाही. आणि माझ्या अभ्यासाची काळजी करू नकोस, माझे पेपर पुढच्या महिन्यात आहेत, जर्नल पूर्ण झाली आहेत.

आता बाबा, तुमच्याकडे एक मागणं आहे. ताईचा फोन बोलतो, स्क्रीनवरचं सगळं तो तिला वाचून दाखवतो, इतक्या वेगाने की मला एक शब्द कळत नाही. पण मराठी नोट्स बऱ्याचदा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात, तिथे तो भलतीच अक्षरं वाचतो. स्कॅन केलेल्या पानांचंही अवघडच. म्हणून पुस्तकं कोणीतरी मोठ्याने वाचून रेकॉर्ड करून द्यावी लागतात. मी पहाटे गच्चीवर बसून वाचते, पण पुरं पडत नाही.

तुम्ही बार्शी-लातूर एसटीवर कंडक्टर असताना मी लहानपणी तुमच्या शेजारी बसून यायचे. पांगरी, येडशी, ढोकी, मुरूड, प्रत्येक गाव यायच्या आधी तुम्ही नाव घ्यायचात. न दिसणारा कोणी प्रवासी असला की त्याच्या सीटजवळ जाऊन पुन्हा सांगायचात. मागच्या सीटपर्यंत ऐकू जाणारा तो आवाज रिटायर झाल्यापासून घरात बसून आहे.

पहिल्या प्रकरणाचे फोटो आज रात्री व्हॉट्सॲपवर पाठवते. 22 पानं आहेत. वाचताना पंखा बंद ठेवा, त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. आधी पान क्रमांक सांगा, मग मजकूर. कंस आला तर 'कंस सुरू', 'कंस पूर्ण' म्हणा, तक्ता आला तर एकेक ओळ आडवी वाचा. घाई करू नका. आई, बाबा वाचत असताना मिक्सर लावू नकोस, शेंगाची चटणी मी आल्यावर करू. दोन-तीन पानं झाली की पाठवून द्या, ताई 12 च्या पेपरआधी ऐकायची वाट बघते आहे.

तुमची,
मनू