पथकाचे रुमाल: छपाई कोणती?

सर्व वादक मंडळी,

यंदा डोक्याला बांधायचे रुमाल २२ इंच चौरस, सुती आणि भगवे घ्यायचे ठरले आहे. छपाईवरून ग्रुपवर बराच खल झाला, म्हणून एकदाच लिहितो.

सब्लिमेशनमध्ये (कागदावर छापलेला रंग उष्णतेने कापडात उतरवतात) हवे तितके रंग मिळतात, पण तो रंग पॉलिस्टरच धरते. सुतीवर दोन-चार धुण्यांत उडतो. आणि विसर्जन मिरवणुकीत पॉलिस्टर डोक्याला बांधून तासन्‌तास ताशा वाजवून बघा, घाम कुठेच जात नाही. डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवायची छपाई) सुतीवर बसते, मात्र लोगोच्या जागी रबरासारखा थर येतो. गेल्या वर्षीचे रुमाल आठवा! कपाळाला नेमका तोच थर चिकटायचा.

म्हणून स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीच्या चौकटीतून (स्क्रीनमधून) शाई कापडावर दाबायची. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, तिचा खर्च एकदाच. नग वाढले की दर उतरतो. भगव्यावर एकच गडद रंग, तोही पाण्यावर आधारलेल्या शाईचा, म्हणजे कापड मऊ राहते. लोगोतल्या सोनेरी छटा सोडाव्या लागतील (डिझाइनवाल्यांनी रुसू नये). शाई उष्णता देऊन नीट पक्की करून घ्यायची, नाहीतर पहिल्याच पावसात कुर्त्यावर उतरेल.

लोगो कोपऱ्यात येईल, मध्यभागी नाही. तिकोनी घडीत मधला भाग दुमडला जातो.

रविवारच्या सरावाला नमुना आणतो. कोणाला किती हवेत ते तिथेच सांगा, नंतर वाढवून मिळणार नाहीत. थोड्या नगांसाठी पुन्हा स्क्रीन लावायला छपाईवाला तयार नाही.