दुखायचं थांबलं की जास्त जप

सोलापूर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. वहिनींचा फोन आला होता. माळ्यावरचा डबा काढताना तुझा खांदा पुन्हा निखळला म्हणाल्या. पहिल्या वेळी तू गाडीवरून पडला होतास, मार मोठा होता. आता नुसता हात वर करून मागं नेला तरी सुटतोय, म्हणजे आत काहीतरी उचकटलेलं आहे आणि ते नीट बघून घ्यायलाच हवं. हे सगळं फोनवर बोलून होत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

खांद्याची वाटी फार उथळ असते. बशीवर लिंबू ठेवावं तसा दंडाच्या हाडाचा गोळा तिला टेकलेला असतो. म्हणून तर हात चहूबाजूंनी फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत खांदाच सगळ्यात जास्त निखळतो. वाटीच्या काठाला कूर्चेची चिवट कड असते, लॅब्रम म्हणतात तिला. तिच्यामुळं वाटीला थोडी खोली येते आणि सांध्याचे अस्थिबंधही तिथंच बांधलेले असतात. गोळा बहुतेक वेळा पुढं आणि खाली निसटतो आणि जाताना ही कड हाडापासून सोडवून जातो. बँकार्ट नावाच्या इंग्रज सर्जननं १९२३ साली हे लिहून ठेवलं. त्यामुळं रिपोर्टात ‘बँकार्ट लिजन’ दिसलं तर घाबरू नकोस. ‘हिल-सॅक्स’ दिसलं तर गोळ्याच्या मागच्या बाजूला वाटीचा काठ लागून खोक पडली आहे, एवढं समज. कबड्डी खेळताना माझा खांदा निखळला, तेव्हा माझ्या रिपोर्टात दोन्ही होतं. चढाईवाला साखळी तोडून निघाला, माझा हात शेजारच्याच्या मुठीत तसाच राहिला आणि दंड मागं ओढला गेला, त्याचा तो हिशोब.

पुन्हा निखळलाच तर कुणालाही ओढू देऊ नकोस. आपल्याकडं पहिली धाव हाडवैद्याकडं असते. मुरगळलेल्या पायाला त्यांच्या हातानं आराम पडलेले लोक मी पाहिलेत, पण निखळलेल्या खांद्याचा आधी एक्स-रे हवा. सोबत हाड मोडलेलं असेल तर ओढल्यावर ते सरकतं. शर्टाच्या बाहीवर बिल्ला शिवतात त्या जागी बधिर वाटतंय का, तेही तपासायला सांग. तिथली नस सांध्याच्या अगदी खालून जाते. आणि एक्स-रे एकाच बाजूनं नको. विजेचा शॉक बसला किंवा फिट आली की खांदा मागच्या अंगानं निखळू शकतो, आणि समोरून काढलेल्या फिल्ममध्ये ते सहज नजरेतून सुटतं. तुझं ते नाही, पण आमच्या यंत्रमागवाल्यांना हे माहीत असावं असं मला फार वाटतं.

माझ्या डॉक्टरांनी तपासताना मला आडवं झोपवलं, कोपर काटकोनात धरून हात बाजूला घेतला आणि दगड मारायला मागं नेतो तसा सावकाश मागं न्यायला लागले. त्या वेळी ते माझ्या खांद्याकडं बघतच नव्हते, तोंडाकडं बघत होते. माझ्या कपाळाला आठी पडली तसे थांबले. मग दंडावर समोरून तळहात दाबून धरला आणि पुन्हा हात मागं नेला. आता खांदा सुटेल ही भीती नाही. “बस, कळलं,” म्हणाले. नंतर एमआरआय झाला, हाड किती झिजलंय ते बघायला सीटी स्कॅनही झाला. वाटीचं हाड जास्त गेलेलं असेल तर नुसती कड शिवून भागत नाही. पुढच्या बाजूचा हाडाचा एक तुकडा स्नायूंसकट तिथं आणून स्क्रूनं बसवतात. त्याला लातार्जे म्हणतात. माझं हाड शाबूत होतं, त्यामुळं दुर्बिणीतूनच कड शिवली.

आता तुझ्याबद्दल. शाळेत तू अंगठा वळवून मनगटाला टेकवायचास आणि आम्ही सगळे बघत बसायचो, आठवतं? ते डॉक्टरांना आवर्जून सांग. ज्यांचे सांधे जन्मतःच सैल असतात, त्यांचा खांदा पुढं, मागं, खाली असा सगळीकडेच सरकू शकतो. तसं असेल तर आधी काही महिने व्यायाम आणि त्यानं भागलं नाही तरच ऑपरेशन, अशीच पद्धत आहे. पण तुझा खांदा अपघातात निखळला, म्हणजे कडही फाटलेली असणार. दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर निर्णय बारकाईचा आहे. मी ऑपरेशन केलं म्हणून तूही कर, असं मी म्हणणार नाही.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. मानेत इंजेक्शन देऊन हात बधिर करतात, वाटीच्या काठावर बारीक छिद्रं पाडून दोऱ्याचे अँकर बसवतात आणि कड परत हाडाला बांधतात. रात्री बधिरपणा उतरायच्या आधीच गोळी घ्यायची, एवढं लक्षात ठेव.

खरी कसोटी त्यानंतरची. माझा पट्टा ऐन मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात. पंखा गरम हवा फेकतोय, हात छातीशी बांधलेला आणि काखेत घामोळं. आईनं आपल्याच कारखान्यातला जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला टॉवेल फाडला, त्याच्या लांबट घड्या केल्या आणि सकाळ-संध्याकाळ काखेतली घडी बदलायची. त्यासाठी कमरेत थोडं पुढं वाकायचं, हात आपोआप अंगापासून सुटतो, खांदा हलवावा लागत नाही. शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. झोप उताणी, कोपराखाली उशी. कडक भाकरी एका हातानं मोडत नाही, ती आमटीत भिजवून खायची. बोटं, मनगट मात्र पहिल्या दिवसापासून हलवत राहा.

पट्टा साधारण तीन ते सहा आठवडे. मग फिजिओथेरपी. आधी वाकून हात लोंबता सोडून हलके झोके, मग भिंतीला हात दाबून धरणं, मग रबरी पट्टा. कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये टॉवेलची गुंडाळी धरायची आणि कोपर न हलवता हात बाहेर न्यायचा. दिसायला काहीच नाही, पण दंडाच्या आतून आग होते. गोळ्याला वाटीत धरून ठेवणारे चार छोटे स्नायू आहेत, ते तिथं तयार होतात. फऱ्याचे, म्हणजे पाठीवरच्या चपट्या हाडाचे, स्नायूही तितकेच महत्त्वाचे. वाटी फऱ्याचाच भाग, तो डळमळला तर वरचं सगळं डळमळतं.

आणि दत्ता, हे पत्र खरं म्हणजे पुढच्या एका गोष्टीसाठी लिहितोय. तिसऱ्या महिन्यात दुखायचं थांबतं. हात वर जातो, चेहऱ्यावर तजेला येतो, लोक म्हणतात, “झालास की बरा!” माझ्याकडून मागावर बीम, म्हणजे सुताचा जड रूळ, चढवायला हात लावायची अपेक्षा त्याच दिवसांत सुरू झाली. पण शिवलेली कड हाडाला धरायला साधारण बारा आठवडे लागतात आणि स्नायूंना त्याच्याही पुढं. दुखतं तोवर दुखणंच तुला अडवतं. ते थांबल्यावर अडवणारं कुणी नसतं. अंगाला अंग भिडणारे खेळ सहा महिन्यांच्या आत नाहीत, तेही ताकद दुसऱ्या हाताच्या बरोबरीला आली तरच. या काळात घरच्यांना, कामावरच्यांना तूच ठणकावून सांगायचं. मी सांगितलं. एक-दोघं रुसले, पण खांदा टिकला.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी उभा होतो. नंदीध्वज आले, संमतीचं वाचन झालं आणि सगळ्यांबरोबर मीही उजव्या हातानं अक्षता टाकल्या, हात वर, मागं, मग पुढं. डॉक्टरांनी ज्या जागी हात नेऊन पाहिला होता तीच ती जागा. टाकून झाल्यावर ध्यानात आलं आणि मला भरून आलं. कबड्डीही सुरू केलीय. पकडीला जातो, पण साखळीत मनगट कसं धरायचं ते नव्यानं शिकलोय.

तुझं एमआरआय झालं की नुसता रिपोर्टचा कागद आणू नकोस, सीडी आण; डॉक्टर चित्रं स्वतः बघतात. त्यांना तीन गोष्टी विचार: हाड किती गेलंय, सांधे मुळात सैल आहेत का, आणि तुझ्या कामाला परत कधी जाता येईल. उत्तरं लिहून घे आणि मला कळव. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघ, मी स्टेशनवर येतो. तोवर गाडी चालवू नकोस.

तुझा,
राजू