‘बसा बाई’ म्हणणाऱ्या दादास

उद्यमनगरातल्या दादा,

तुझं नाव लिहीत नाही, तुला आवडायचं नाही. पण चारचौघांत आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

राधानगरी-भुदरगडकडच्या बायकांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या मी टोरंटवर, म्हणजे लोक एकमेकांच्या मशिनांतून फायली घेतात-देतात तिथं, ठेवते, हे ऐकलं की निम्म्या लोकांची तोंडं वाकडी होतात. त्यांच्या लेखी टोरंट म्हणजे चोरीचे सिनेमे. आधी ज्या दुकानदाराला बोलावलं, त्यानंही तेच ऐकवलं. माझी तक्रार साधी होती. काही ठरावीक आयपी पत्त्यांवरची (इंटरनेटवर मशिनाची ओळख असलेल्या आकड्यांवरची) मशिनं रात्रंदिवस फायली नुसत्या ओढायची, पुढं कुणाला काही द्यायची नाहीत. टोरंट चालवणाऱ्या ट्रान्समिशन या प्रोग्रॅमची ब्लॉकलिस्ट, म्हणजे नको असलेल्या पत्त्यांची यादी, लावून त्यांना दार बंद करायचं होतं. तो सेटिंग बदलून जायचा, मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी म्हणाला, “मशीन बाद झालंय, नवं घ्या.” पैसे मात्र दर खेपेला मोजून घेतले.

तू आल्या आल्या विचारलंस, “फाइल बदलताना डिमन बंद केला होता का?” डिमन म्हणजे मागं गुपचूप चालत राहणारा ट्रान्समिशन. तो चालू असताना सेटिंगची फाइल बदलली, तर बंद होताना तो आपल्याकडची जुनी सेटिंग तिच्यावर परत लिहून टाकतो. एवढं त्या गृहस्थाला ठाऊक नव्हतं. मशीन ठणठणीत होतं.

पण पत्र त्यासाठी नाही. मी खुर्चीवरून उठायला लागले, तर तू “बसा बाई” म्हणालास आणि मागं हात बांधून उभा राहिलास. हाताला ग्रीस आहे म्हणालास खरा, पण बेसिन समोरच होतं, मला कळलं. यादी अपडेट करायचा हुकूम माझ्याच हातानं टाइप करवून घेतलास: ट्रान्समिशन-रिमोट, जागा सोडून दोन आडव्या रेघा, मग ब्लॉकलिस्ट-अपडेट. त्या रेघेचं बटण मला सापडेना. दुसऱ्या कुणी पुढं वाकून दाबलं असतं. तू थांबलास. मधेच फोन वाजला, तर “बाईंचं काम चाललंय, मागनं करतो” म्हणालास. माझ्या घरात या कामाला अजून ‘आईचा नाद’ म्हणतात रे!

यादीतली ओळ कशी वाचायची तेही दाखवलंस: नाव, एकावर एक दोन टिंबं, पहिला पत्ता, डॅश, शेवटचा पत्ता. “एका ओळीत अख्खी गल्ली बंद होते, जपून,” म्हणालास. पत्ते बदलत राहतात, यादीत कधी बिचारे भलतेच अडकतात, तेव्हा यादी लावली म्हणजे सगळं निर्धास्त असं समजू नका, हेही तूच सांगितलंस. ज्याला काही विकायचं नसतं तोच असं बोलतो. आपल्या कोल्हापुरात रस्ता विचारला तर हातातलं काम टाकून कोपऱ्यापर्यंत सोडायला येणारी माणसं आहेत, ती दुकानांच्या काउंटरमागं गेली की कुठं हरवतात कोण जाणे.

यादी आता मीच अपडेट करते. आणि त्याच दुकानात परवा माझ्या मैत्रिणीचंही मशीन ‘बाद’ ठरलंय. तिला म्हटलं, नवं घेऊ नको, आधी माझ्याकडं घेऊन ये.

तुझी,
राजारामपुरीतली बाई