निदानाचा कागद मिळाला, पुढे कोणाकडे जायचं?

प्रति,
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

2 एप्रिलला, जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) जागरूकता दिनी, आमच्या जिल्ह्यातल्या एका सरकारी केंद्रात पालकांसाठी खोली जाहीर झाली. फीत कापली, फोटो निघाले. नव्याने निदान झालेल्या मुलांच्या आईवडिलांनी महिन्यातून दोन शनिवार तिथे भेटायचं, असं ठरलं. गेल्या आठवड्यात त्या खोलीत जुन्या फायलींचे गठ्ठे आणि मोडक्या खाटा रचल्या गेल्या, दारावरची पाटीही उतरवली. पालकांनी विचारलं तर उत्तर मिळालं, ‘तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच की.’ हे पत्र त्या उत्तरामुळे लिहीत आहोत.

निदान कसं होतं ते आपल्या विभागाला ठाऊक आहे. आयसा या भारतीय मापनश्रेणीत 40 बाबी असतात, प्रत्येकीला 1 ते 5 गुण. बेरीज 70 ते 106 आली तर सौम्य स्वमग्नता, 153 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. बेरजेवरून टक्केवारी ठरते, टक्केवारीवरून यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. आणि आईवडिलांच्या हातात काय पडतं? ‘ओटी, स्पीच, स्पेशल एज्युकेशन’ अशी एक ओळ लिहिलेला कागद. ओटी, म्हणजे रोजच्या हालचाली आणि कामं शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी, आठवड्यातून किती वेळा, तालुक्याला मिळते का, घरी काय करायचं, सासूबाईंना काय सांगायचं, अंगणवाडीताईंना सांगायचं की लपवायचं, यातलं काहीही त्यावर नसतं. तोवर दारात पुढचा नंबर पुकारला जातो.

त्या दारातून बाहेर पडलेल्या बाईला त्या क्षणी सर्वांत जास्त गरज असते ती दोन-तीन वर्षं पुढे असलेल्या दुसऱ्या आईची. ही भावनिक चैन नाही, यात ठोस माहितीची देवाणघेवाण असते. केस कापताना मूल किंचाळत असेल तर मशीन नको, कात्री वापरा. आधी आठवडाभर घरात खेळता खेळता कात्रीची कचकच कानावर पडू द्या. सलूनमध्ये सकाळी दुकान उघडताच पहिला नंबर लावा, तेव्हा टीव्ही बंद असतो. फक्त बिस्किटंच खाणाऱ्या मुलाच्या ताटात नवा पदार्थ रोज चिमूटभर ठेवा, खाल्लाच पाहिजे असा आग्रह धरू नका. थेरपिस्टकडे पहिल्याच दिवशी पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला तो असतोच. निरामय हा राष्ट्रीय न्यासाचा आरोग्य विमा काढा, वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. हे कोणत्याही सरकारी खिडकीवर आपणहून सांगितलं जात नाही. पालक पालकांना सांगतात.

यावर संशोधन नाही, असं कृपया कोणी सांगू नये. गोवा आणि रावळपिंडी इथल्या 65 स्वमग्न मुलांवरचा प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांसोबत 12 सत्रं घेतली. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. जागतिक आरोग्य संघटनेचा पालक-कौशल्य प्रशिक्षण कार्यक्रमही तयार आहे: 2 ते 9 वयाच्या मुलांच्या पालकांसाठी 9 गटसत्रं आणि 3 गृहभेटी. तोही तज्ज्ञाशिवाय चालवता येतो. आपल्याकडे आशाताई आहेत, सरकारी शाळांच्या समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक आहेत, अनुभवी पालक आहेत. नाही ती फक्त शासनाची इच्छा.

आता व्हॉट्सॲपबद्दल. नवख्या पालकांच्या ग्रुपवर पहिल्या महिन्यातच कोणीतरी ‘सहा महिन्यांत बरा करून दाखवतो’ म्हणत येतं. रात्री दोनला जाग्या असलेल्या, घाबरलेल्या आईबापांना स्टेम सेल (मूलपेशी) उपचारांचे भाव पाठवले जातात. स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर 2022 मध्येच स्पष्ट केलं. पण ते परिपत्रक तालुक्यातल्या पालकापर्यंत मराठीत कोण नेणार? त्याच ग्रुपवर अडीच वर्षांच्या मुलाची आई आणि बावीस वर्षांच्या मुलाचे वडील एकत्र असतात. वडिलांना सज्ञान मुलाच्या कायदेशीर पालकत्वाच्या कागदांची चिंता असते, आईला शी-शूच्या सवयीची. त्या वडिलांचे प्रश्न वाचून आई आणखी खचते आणि गप्प होते. मुलांचे फोटो, अहवाल, कार्डांचे नंबर इकडून तिकडे फिरतात ते वेगळंच. ग्रुप चालवणारी बहुधा एकच आई असते. ती थकली की ग्रुप शुभेच्छांच्या संदेशांनी भरतो आणि संपतो.

म्हणून खोली लागते, आणि खोली कशी असावी हेही ऐकून घ्या. तळमजल्यावर हवी आणि लगत स्वच्छतागृह हवं. दाराची कडी मोठ्या माणसाच्या खांद्याइतकी उंच हवी, कारण आमची मुलं क्षणात बाहेर धावतात आणि केंद्राचं फाटक थेट रस्त्यावर उघडतं. फडफडणारी ट्यूबलाइट बदलावी, माइक लावू नये. शेजारी दुसरी खोली आणि मुलं सांभाळणाऱ्या किमान दोन व्यक्ती पाहिजेत. हीच गोष्ट प्रत्येक सरकारी मेळाव्यात विसरली जाते. मूल कुठे ठेवायचं हा प्रश्न सुटला नाही तर आई येत नाही, आणि आली तर दीड तास मुलामागे धावून काहीही न ऐकता परत जाते. गट 10 ते 12 कुटुंबांचा असावा. पंचवीस झाले की दोघी-तिघीच बोलतात. निदानाला वर्ष न झालेल्यांचा गट वेगळा हवा. चालवायला दोघे हवेत, एक प्रशिक्षित कार्यकर्ता आणि एक अनुभवी पालक, आणि पालकालाही मानधन मिळालं पाहिजे. चार बैठकांमागे एक आजी-आजोबांसाठी ठेवावी, कारण ‘लहानपणी मोबाइल दिलास म्हणून झालं’ हे वाक्य सुनेला सगळ्यात जास्त घरातच ऐकावं लागतं.

खर्च किती? आम्हीच हिशेब मांडला. एका बैठकीला 12 कुटुंबांना प्रत्येकी 200 रुपये प्रवासभत्ता, 2,400. दोन संचालकांना प्रत्येकी 1,500, म्हणजे 3,000. मुलं सांभाळणाऱ्या दोघींना प्रत्येकी 800, म्हणजे 1,600. चहा-खाऊ आणि झेरॉक्स 600. एकूण 7,600. महिन्याला दोन बैठका धरल्या तर वर्षाला 1,82,400 रुपये. छत्तीस जिल्ह्यांना मिळून 65,66,400. जिल्ह्याला एक गट पुरेसा नाही हे आम्हाला कळतं, पण सुरुवात करायला एवढेही पैसे राज्याकडे नाहीत, असं आपण जाहीरपणे म्हणू शकाल का? स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्यातून वर्षाअखेरीस घाईघाईने साहित्यवाटप होतं. स्वमग्न मुलाला तीनचाकी सायकलचा काय उपयोग?

मुंबईत फोरम फॉर ऑटिझम आहे, उम्मीद आहे, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे, गोव्यात सेतू आहे. ही सगळी पालकांनी आणि डॉक्टरांनी कष्टाने उभी केलेली ठिकाणं. गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या आईने काय करायचं? तिला जिल्ह्याचं गावच सुमारे दोनशे किलोमीटर पडतं. आणि पालकांनी स्वतः संस्था काढावी म्हटलं तर सात सभासद जमवा, धर्मादाय कार्यालयात नोंदणी करा, विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज भरा, दरवर्षी लेखापरीक्षण करा, मग राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेकडे नोंदणी. ज्यांना सलग चार तास झोप मिळत नाही त्यांच्याकडून शासनाला ही कागदपत्रं हवी आहेत.

मंत्रिमहोदय, राग एका खोलीचा नाही. मूल तपासतं आरोग्य खातं, अंगणवाडी महिला व बालविकासकडे, शाळा शिक्षण खात्याकडे, कार्ड आपल्याकडे. डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला तेव्हा वाटलं होतं, आता एक दार असेल. झालं इतकंच, की हेलपाट्यांमध्ये आणखी एका दाराची भर पडली. 2011 च्या जनगणनेत स्वमग्नतेचा रकानाच नव्हता. आमची मुलं ‘इतर’ मध्ये नाही तर मतिमंदत्वात मोजली गेली. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी मुलं तपासून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, शंभरात साधारण एक मूल स्वमग्न असतं. म्हणजे प्रत्येक मोठ्या गावात आमच्यासारखी घरं आहेत, आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 5 समाजात राहण्यासाठी लागणाऱ्या आधारसेवांचा हक्क देतं. ही व्यवस्था तो हक्क आयांच्या फुकटच्या श्रमावर ढकलून मोकळी झाली आहे. बाई नोकरी सोडते, थेरपी शिकते, रात्री जागते, शाळेत मुलाशेजारी मदतनीस (शॅडो) म्हणून बसते, आणि वर तिलाच विचारलं जातं, तुमचा ग्रुप आहेच की.

तेव्हा आम्हाला आश्वासन नको, शासन निर्णय हवा. मुलांची तपासणी आणि उपचार करणाऱ्या प्रत्येक जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पालकगट ही नियमित सेवा म्हणून नोंदवा, खर्चाचं लेखाशीर्ष द्या, खोली दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही असं लिहा. निदानाच्या कागदासोबत त्याच दिवशी पुढच्या बैठकीची तारीख, वेळ आणि एका अनुभवी पालकाचा, त्याच्या संमतीने, फोन नंबर मराठीत छापून द्या. पहिल्या आठवड्यात आशाताईंनी घरी एक फोन करावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील, राष्ट्रीय न्यास कायद्याच्या स्थानिक स्तर समितीपुढे दर तीन महिन्यांनी या गटांचा अहवाल ठेवा: किती निदानं झाली, त्यातले किती पालक बैठकीला आले, जे आले नाहीत ते का आले नाहीत. बैठक रद्द झाली तर कोणी रद्द केली त्या अधिकाऱ्याचं नावही त्या अहवालात लिहा.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,

स्वमग्न मुलांचे पालक